घराला कुलूप, कुत्रं कुणाकडं?

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. जिंतूरकडून मंठा-जालन्याला जाणारी वाहनं इथून जातात आणि सेलूला जायचं असलं तर इथंच वळतात. फाट्यावर जे असायचं ते सगळं इथं सापडतं: चहाची हॉटेलं, पंक्चरचं दुकान, खता-बियाण्यांचं दुकान, गाडीची वाट बघणारी माणसं आणि ट्रकच्या हॉर्नला कानही न हलवता रस्त्याकडेला पडून राहिलेली कुत्री. ही फाट्याची कुत्री. त्यांचा संसार हॉटेलाच्या उष्ट्यावर चालतो आणि त्यांच्यासाठी कुणाला गावाला जाणं रद्द करावं लागत नाही. अडचण आहे ती मागच्या वस्तीतल्या आणि आखाड्यावरच्या घरांतल्या कुत्र्यांची. त्यांना नाव आहे, ठरलेली ताटली आहे आणि धनी दिसला नाही तर ती ताटलीला तोंड लावत नाहीत.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. घरात दहा माणसं असायची आणि दहाही जण एकदम कधी बाहेर पडत नसत. लग्नाला चार गेले तरी म्हातारी घरी, सालगडी आखाड्यावर. भाकरीचा तुकडा कुणी ना कुणी टाकायचंच. आता घरात नवरा-बायको आणि दोन लेकरं. वैशाखातली लग्नं, तिरुपतीला निघालेली गाडी, पुण्यातल्या लेकीचं बाळंतपण, नाहीतर रात्रीतून छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात धाव. एकदा निघाले की घराला कुलूप लागतं. गाई-म्हशींची सोय आठ दिवस आधी लागलेली असते, कारण धार काढल्यावाचून भागत नाही. कुत्र्याचा विचार मात्र बॅगा भरताना होतो.

सोबत न्यावं म्हटलं तर जवळचं स्टेशन सेलूचं. पण रेल्वेत कुत्रं डब्यात न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाची अख्खी कुपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते. नसेल तर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. उन्हाळ्यात त्या पेटीत कुत्र्याला घालण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. लग्नघरी नेलं तर मंडप, बँड, परकी लेकरं आणि ठिकठिकाणी टाकलेली हाडं. म्हणून बहुतेकदा त्याला मागे ठेवणंच बरं, आणि मग ठेवायचं कुणाकडं, हे शोधणं आलं.

मोठ्या शहरांत हा आता रीतसर धंदा आहे. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ग्रेग गॉट्समन यांची लॅब्रॅडॉर कुत्री बोर्डिंगमधून जखमी होऊन परत आली. पिंजऱ्यांच्या बोर्डिंगपेक्षा कुणाच्या तरी घरात कुत्रं राहिलं तर बरं, या विचारातून २०११ साली 'रोव्हर' ही कंपनी उभी राहिली. घरी कुत्रं सांभाळू इच्छिणारे आणि कुत्रं ठेवू इच्छिणारे यांची गाठ घालून द्यायची, एवढंच तिचं काम; २०२४ मध्ये ती सुमारे २.३ अब्ज डॉलरला विकली गेली. इंग्लंडमध्ये तर धंदा म्हणून घरात दुसऱ्याचं कुत्रं ठेवणाऱ्याला १ ऑक्टोबर २०१८ पासून स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. तपासनीस घरी येऊन बघतो, एक ते पाच तारे देतो, आणि दोन वेगवेगळ्या घरांतली कुत्री एकत्र ठेवायची असतील तर दोन्ही मालकांची लेखी संमती असावी लागते. पुण्या-मुंबईतही मोबाइलवर सांभाळणाऱ्याचा फोटो आणि आधीच्या गिऱ्हाइकांची मतं वाचून ठरवणारे पुष्कळ आहेत.

फाट्यावर तारे द्यायला कुणी येत नाही. इथं आपल्याला माणसाची सात पिढ्यांची माहिती असते, आणि फसगत होते ती त्या माहितीमुळेच. 'माणूस लाखात एक आहे' एवढ्यावर कुत्रं सोपवलं जातं. माणूस लाखात एक असतोही. पण त्याच्या घराला फाटक नसतं, किंवा सकाळी आठला सगळे कापूस वेचायला जातात आणि कुत्रं दिवसभर पत्र्याखाली बांधलेलं राहतं. सांभाळणारा निवडताना त्याच्या स्वभावाआधी त्याच्या घराचा दिवस बघायला हवा: कोण किती वाजता उठतं, दुपारी घरी कोण असतं, रात्री दार कोण लावतं. चांगुलपणाबद्दल शंका नसली तरी या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय होकार घेऊ नये.

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी सहसा तीन-चार तऱ्हेची घरं डोळ्यांसमोर येतात. सगळ्यांत आधी तयार होतो हॉटेलवाला. 'राहू द्या की इथंच, काय खाऊन खाऊन किती खाईल!' मन मोठं आहे, खरकट्याला तोटा नाही आणि माणसांचा राबता रात्री उशिरापर्यंत. पण हॉटेल म्हणजे रस्ता. घरात वाढलेल्या कुत्र्याला ट्रकच्या वेगाचा अंदाज नसतो, फाट्यावरच्या टोळीत त्याला जागा नसते आणि मालकाचा हात दिवसभर चहाच्या पातेल्यात. याला आभार मानून नाही म्हणावं.

दुसरं घर शहरातल्या नातेवाइकाचं. परभणीतला भाचा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भाच्याला कुत्र्यांची आवड असते, सोबत फोटो काढायचे असतात. पण आखाड्यावर वाढलेल्या कुत्र्याला जिना माहीत नसतो, लघवीला सिमेंटवर कसं बसावं हे कळत नाही आणि रात्री लिफ्टच्या आवाजाला ते भुंकत राहतं. तिसऱ्या दिवशी सोसायटीतून तक्रार येते आणि भाचा फोन करायला लाजतो.

माझं मत विचाराल तर दावणीला जनावर असलेलं घर पहिल्यांदा बघावं. म्हैस पहाटे धारेला उभी राहते आणि संध्याकाळी पुन्हा राहते. त्यासाठी घरातलं कुणीतरी दोन्ही वेळा हजर असतंच असतं. पाणी बदलणं, शेण काढणं, जनावर आज चारा कमी का खातंय हे बघणं ही त्या घराची रोजची सवय असते. कुत्रं मलूल झालंय हे त्या घरातल्या काकूंना पहिल्या वेळेलाच कळेल. खोटही याच घराची आहे: तिथं कुत्र्याकडं राखणदार म्हणून बघतात. दिवसा साखळी, रात्री मोकळं, ही त्यांची रीत. आपलं कुत्रं रात्री कोचाखाली झोपणारं असेल, तर मोकळं सोडल्यावर ते राखण करणार नाही, घर शोधत निघेल. हे आधी बोलून घ्यावं लागतं, आणि बोलताना त्यांच्या रीतीला नावं ठेवू नयेत.

घरी जाऊन बघायचं ते असं. फाटक लागतं का आणि लावलेलं राहतं का? लोखंडी फाटक असलेली पुष्कळ घरं असतात. त्याची कडी तुटलेली असते आणि वीट लावून ते अडवलेलं असतं. घरातलं शाळकरी लेकरू सायकल घेऊन आत-बाहेर करतं तेव्हा ती वीट कुठं जाते, हे दहा मिनिटं बसून बघितलं की कळतं. तारेचं कुंपण असेल तर खालून किती फट आहे ते वाकून बघावं. घर अन् डांबरी रस्ता यांत किती अंतर आहे, हे पावलांनी मोजावं. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस कुत्र्याला एकच वेध असतो, आपल्या घरी परतण्याचा, आणि इथं ती वाट हमरस्त्यावरून जाते.

मराठवाड्यात कारवान आणि पश्मी कुत्री हौसेनं पाळली जातात. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यांच्यासाठी ओळखलं जातं. घरात असं कुत्रं असेल तर सांभाळणाऱ्याला एक गोष्ट हातात धरून दाखवावी लागते. ही नजरेनं शिकार करणारी जात. डोकं निमुळतं, मान डोक्याएवढीच किंवा जाड. साध्या पट्ट्यात ते मागे सरकलं, कान मिटले आणि मान खाली घातली की पट्टा साखळीसकट आपल्या हातात आणि कुत्रं सशामागे अर्धा मैल पुढं. त्याला छातीवरून येणारा पट्टा हवा किंवा ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा. मानेचा पट्टा घट्ट करून हे साधत नाही. केस झडतात, कातडं सोलतं, आणि निसटायचं तेव्हा ते निसटतंच. पट्ट्यावर मोबाइल नंबर हवा, तोही सांभाळणाऱ्याचा. आपण तिरुपतीच्या रांगेत असताना आपला फोन लॉकरमध्ये असतो.

शेतातल्या घराचे धोके शहरातल्या पुस्तकांत सापडत नाहीत. सेलूचा भाग कापसाचा. फवारणीचे डबे ओसरीत असतात, रिकाम्या डब्यांत कधी पाणी भरून ठेवलेलं असतं. धान्याच्या खोलीत उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड पिठाच्या गोळ्यांत कालवून टाकलेलं असतं. राखाडी-काळी पूड, लसणासारखा वास. पोटातल्या आम्लाशी संबंध आला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि कुत्र्याला पिठाचा गोळा उंदराइतकाच आवडतो. घरात उंदराचं औषध टाकलंय का, हे थेट विचारावं. 'टाकलंय, पण ते तिकडं जात नाही' हे उत्तर पुरेसं नाही. मेलेला उंदीर चघळूनही विषबाधा होऊ शकते. तसंच रानडुकरांसाठी रात्री कुंपणात वीज सोडणारे असतात. ते बेकायदा आहे, जीवघेणं आहे, म्हणूनच कुणी आपणहून सांगत नाही. शेजारच्या वावरात तशी तार आहे का, याची चौकशी चहा पिताना सहज करावी.

खाण्याबाबत लोक नको तिथं घाबरतात. ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते. लांडग्याचं कुत्रं होताना माणसाच्या खरकट्यातला पिष्टमय भाग पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढत गेल्या, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. भाकरी-दूध, भाकरी-अंडं खाणारं कुत्रं सांभाळणाऱ्याकडंही तेच खाईल. त्रास होतो तो एकदम बदल केल्यानं. पिशवीतलं तयार खाद्य खाणाऱ्या कुत्र्यासमोर अचानक मटणाचा रस्सा आला की दुसऱ्या दिवशी हगवण लागते. घरचं खाद्य दिवसांच्या हिशोबानं द्यावं, वर दोन दिवसांचं जास्तीचं द्यावं. आणि कांदा! कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर लक्षणं दिसू शकतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम. एवढा कांदा एका बैठकीत कोण घालेल असं वाटतं, पण रोजच्या रश्श्यातला थोडा थोडाही साचतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं यांना तर बंदीच. सांभाळणाऱ्याच्या घरी आजी असतील तर ही यादी आजींना सांगावी, कारण लाडानं तुकडा टाकणारा हात तोच असतो.

आता उन्हाळा. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि लग्नं नेमकी तेव्हाच असतात. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी अंग निवतं ते धापा टाकून. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता हवाच तापलेली असते, तिथं धापांचा उपयोग होत नाही. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं; ४१ ओलांडलं की जिवावर बेततं. म्हणून सांभाळणाऱ्याच्या घरी दुपारी जावं. सकाळी सातला सगळी घरं थंड असतात. कुत्रं दुपारी जिथं राहणार तिथं आपण स्वतः पंधरा मिनिटं बसून बघावं. दिवाळीला जाणाऱ्यांनी फटाक्यांबद्दल विचारावं: आवाजाला बिथरणारं कुत्रं त्या रात्री आतल्या खोलीत, दार बंद करून, ओळखीच्या चादरीवर हवं. फटाक्यांच्या रात्री फाटक उघडं राहिलं तर सकाळी शोध सुरू.

जागा पटली की मग कुत्र्याला विचारायचं. बुडापेस्टच्या विद्यापीठात योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली लहान मुलांसाठी वापरली जाणारी एक चाचणी कुत्र्यांवर केली. अनोळखी खोली, मालक बाहेर जातो, परका आत येतो, मालक परततो. कुत्र्यांचं वागणं आईला धरून असलेल्या मुलासारखंच दिसलं. पण आपल्या कामाचा शोध त्यानंतरचा. २००१ साली मार्ता गाची यांच्या गटानं निवाऱ्यातल्या बेवारस कुत्र्यांना प्रत्येकी तीनदा, दर वेळी दहा मिनिटं, एकाच माणसाच्या सहवासात ठेवलं. एवढ्यावर ती कुत्री त्या माणसाला धरून वागू लागली. निवाऱ्यातली कुत्री माणसासाठी आसुसलेली असतात, घरातल्या कुत्र्याचं तसं नसतं, हे खरं. तरीही निघण्याआधीच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या भेटी घडवल्या तर फुकट जात नाहीत. भेटीत काय करायचं, याचं उत्तर कोलकात्याहून मिळतं. तिथल्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असं दिसलं की वारंवार खाऊ देणाऱ्या परक्यापेक्षा वारंवार अंगावरून हात फिरवणाऱ्या परक्यावर कुत्री जास्त विसंबतात. तेव्हा पहिल्या भेटीत बिस्किटाचा पुडा सांभाळणाऱ्याच्या हातात देऊन गंमत बघू नये. त्यांना खाली बसू द्यावं, कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यावं, मानेखाली खाजवू द्यावं. शेवटी एक रात्र ठेवून बघावं, आपण गावातच असताना. पहिल्या रात्री ते जेवलं नाही तर बिघडलं नाही. पाणी प्यायलं का आणि पहाटे स्वस्थ बसलं होतं की फाटक खरवडत होतं, ते महत्त्वाचं.

माणसाची पारख होते ती एका प्रश्नावर. 'काकू, समजा ते दारातून निसटलं, तर आधी काय करताल?' 'निसटतंय कशाला, आम्ही काय झोपलेलो असतो का!' असं उत्तर आलं तर माणूस चांगला आहे, पण त्यानं असा विचार कधी केलेला नाही. 'मागं पळणार नाही, पळालं की ते अजून पळतंय. भाकरी घेऊन हाक मारीन अन् पोराला रस्त्याच्या बाजूनं पाठवीन', असं कुणी म्हणालं तर पुढं काही विचारू नका, दिवस ठरवा. आणि उलट जे आपल्याला विचारतात ते हवेत: रात्री भुंकतं का, लेकरांच्या अंगावर जातं का, कोंबड्या बघून काय करतं, औषध चालू आहे का.

इथं बहुतेक मालकांची जीभ अडखळते. 'आमचा टायगर गरीब आहे हो', असं म्हणताना आपल्याला माहीत असतं की टायगरनं मागच्या पोळ्याला पाहुण्याची पोटरी धरली होती. आपला करार कायदा १८७२ चा. सांभाळायला दिलेल्या वस्तूंसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि जनावरंही त्याच हिशोबात मोडतात. त्यातलं कलम १५० सांगतं की सोपवलेल्या गोष्टीतला दोष देणाऱ्याला ठाऊक असेल तर तो घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. उदाहरण घोड्याचं आहे: घोडा खोडसाळ आहे हे माहीत असून न सांगता दिला, घोडा उधळला, स्वार पडून जखमी झाला, तर जबाबदार देणारा. घोड्याच्या जागी टायगरला ठेवा. दुसरी बाजू कलम १५१ ची: घेणाऱ्यानं सर्वसाधारण शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, पैसे घेतले असोत वा नसोत. काकूंना कोर्टात खेचायला कुणी जाणार नाही आणि जाऊही नये. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कलमांत दोन्ही बाजूंनी काय बोलून घ्यायचं ते आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदाही आहे: सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हा त्यात मालकाचा गुन्हा, पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. त्या रकमेत फाट्यावर दोघांचा नाश्ताही होत नाही.

चावण्याचा विषय निघालाच आहे तर रेबीजच्या लसीचं कार्ड सांभाळणाऱ्याच्या हातात द्यावं, फोटो नव्हे, कार्डच. पिलाला पहिली लस तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला, पुढं दर वर्षी. सांभाळणाऱ्याच्या घरी कुत्रं असेल तर त्याचंही कार्ड मागावं. मागताना संकोच वाटला तरी मागावं. कुणाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. सरकारी दवाखान्यात कातडीत द्यायची लस असते, ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं असतं, म्हणून आपण परतून कुत्रं घेऊन आलो तरी त्या घराला दहाव्या दिवसापर्यंत त्याची खबर देत राहणं आपलं काम.

जनावरांच्या डॉक्टरांचं काय? तालुक्याच्या भागात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरतं पथक बोलावता येतं. त्यांचा मुख्य भर मात्र गाई-म्हशींवर असतो. कुत्र्याचं मोठं दुखणं असेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं चिकित्सालय गाठावं लागतं. देवगाव फाट्याहून तो तासाभराहून जास्तीचा रस्ता. तिथवर कुत्रं कोणाच्या गाडीत जाईल, हे निघण्याआधी ठरवून त्या गाडीवाल्याशी बोलून ठेवावं. 'बघू वेळेवर' म्हटलं की वेळेवर गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली असते.

पैशाचा विषय गावात नाजूक. 'पैसे कशाला, तुमचं कुत्रं आमचं नाही का?' इथं मी थोडा व्यवहारी आहे. फुकटच्या उपकाराला अटी घालता येत नाहीत. खाद्याचे, दुधाचे आणि दवाखान्याचे म्हणून एका पाकिटात वेगळे पैसे ठेवून द्यावेत. फुकट सांभाळणाऱ्याचा झालेला आवश्यक खर्च भरून द्यावा, असं तोच करार कायदा कलम १५८ मध्ये म्हणतो. मेहनताना घेत नसतील तर त्यांच्या पंढरपूरच्या दिवसांत आपण त्यांची वासरं बघायची. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाईट बातमीची परवानगी देऊन जावं. आपल्याकडे लोक चांगुलपणानं बातमी दडवतात: 'तुम्ही लग्नात होतात, कशाला डोक्याला ताप?' तोवर हगवणीचा तिसरा दिवस उजाडतो. स्पष्ट सांगावं की दोन वेळा जेवलं नाही, उलटीत रक्त दिसलं किंवा घरातून गेलं, तर रात्री दोनलाही फोन करा. फोन लागला नाही तर आम्हाला न विचारता डॉक्टरकडं न्या, खर्च आमचा. हे चार माणसांसमोर सांगितलं तर सांभाळणाऱ्याचंही ओझं उतरतं.

परत आल्यावर घाई करू नये. चहा घ्यावा, काय खाल्लं, कुठं झोपलं, कशाला घाबरलं ते ऐकावं. पुढच्या वेळेची खरी माहिती त्या गप्पांत मिळते. घरी नेल्यावर कानांच्या आत, पायाच्या बोटांमध्ये आणि पट्ट्याखाली गोचीड बघावेत, कारण दावणीजवळ राहिलेल्या कुत्र्याला ते हमखास लागतात आणि त्यांच्यातून आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो. कुत्रं दोन दिवस झोपून राहिलं तर चालेल. खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर थांबू नये.

कुत्री असेल तर आणखी एक हिशोब उरतो. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि तो काळ तीन आठवडे चालतो. त्या दिवसांत तिला दुसऱ्याकडं ठेवणं शक्यतो टाळावं. काकूंनी फाटक कितीही लावलं तरी फाट्याची सगळी टोळी कुंपणाबाहेर येऊन बसते. तरीही ठेवलीच, आणि परतल्यावर साधारण ६३ दिवसांनी ओसरीत पाच पिलं चुळबुळू लागली, तर ती कुणाची, याचंही उत्तर १८७२ च्या कायद्यात आहे. कलम १६३ चं उदाहरण: 'अ'नं 'ब'कडं गाय सांभाळायला ठेवली, तिला वासरू झालं, तर 'ब'नं गाईबरोबर वासरूही परत द्यायचं. कायद्यानं पाचही पिलं आपली. काकूंनी त्यातलं एक मागितलं तर मात्र रंगानं चांगलं बघून द्यावं.